दोनशे एकसष्टवर गेलेली मोटार

‘आजकालच्या मोटारी जुन्या मोटारींपेक्षा कितीतरी वेगवान’ असं कुणी माझ्यासमोर म्हणालं की माझं डोकं फिरतं. मला मोटार चालवता येत नाही. मोटारीत बसण्याचे प्रसंगसुद्धा आयुष्यात बोटांवर मोजण्याइतके, त्यातले निम्मे लग्नाच्या वरातींचे. तरी मी त्या माणसाला थांबवतो आणि विचारतो, कुठल्या रस्त्यावर? कुठल्या टायरवर? वेळ कुणी मोजली, आणि कशी मोजली? माणूस गांगरतो. घरचे म्हणतात, तुम्हाला काय पडलंय त्याचं? पडलंय, कारण हा राग मुळात माझा नाही. तो डोंबिवलीतल्या माझ्या घरमालकीणबाईंचा आहे. त्यांच्या हयातीत जेव्हा तो माझ्या तोंडून निघायला हवा होता, तेव्हा नेमका मी मूग गिळून बसलो होतो.

स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी मी डोंबिवलीच्या एका शाळेत गणिताचा मास्तर म्हणून लागलो आणि खोली शोधत त्यांच्या दारात उभा राहिलो. तेव्हाची डोंबिवली म्हणजे स्टेशनाभोवतीची वस्ती, तिला लागून भातखाचरं, आणि पाण्यासाठी ज्याची त्याची विहीर. दार उघडलं ते साठीच्या पुढच्या, उंच, ताठ कण्याच्या, नऊवारी नेसलेल्या बाईंनी. चष्मा कपाळावर ढकललेला. त्यांनी माझं गाव विचारलं नाही, कूळ विचारलं नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. काय शिकवता म्हणून विचारलं. गणित म्हटल्यावर लगेच म्हणाल्या, “एकोणतीस नव्वे?”

मी गडबडलो. दोनशे एकावन्न, असं सांगून मोकळा झालो.

“दोनशे एकसष्ट,” त्या म्हणाल्या. “दुसरं काहीही चुका, मास्तर. या घरात हा आकडा चुकायचा नाही.” आणि खोली दाखवायला पुढे झाल्या. मी त्यांना काकू म्हणू लागलो, आणि आठ वर्षं त्यांच्याकडे राहिलो.

काकूंच्या घरात घड्याळ नव्हतं. गरिबीमुळे नव्हे, रागामुळे. घड्याळाला चावी द्यायला माणूस विसरतो, असं त्या म्हणत आणि ओठ मिटून घेत. त्या वेळ मोजत ती पाढ्यांवर. सव्वीसपासून सुरुवात करायची, कारण त्याच्या आधीचे पाढे जीभ पळवते, असं त्यांचं म्हणणं. सव्वीस, बावन्न, अठ्ठ्याहत्तर असे नुसते आकडे, एका सेकंदाला एक. दहा आकड्यांचा पाढा म्हणजे दहा सेकंद. तो संपला की सत्तावीसचा, मग अठ्ठावीसचा, मग एकोणतीसचा. दूध उतू जायच्या आत सव्वीस ते तीस कितीदा, वरणाला किती, विहिरीची बादली वर यायला किती, हे सगळं त्यांच्या ओठांवर. स्टेशनावरून येणाऱ्या टांगेवाल्याला त्या अंगणातून ओरडून सांगत की आज घोडं सत्तावीसचा अख्खा पाढा मागे आहे, त्याला दाणा घाल. टांगेवाला त्यांना घाबरून असे.

मी गणिताचा माणूस, मला ते खरं वाटेना. शाळेतल्या खेळांच्या स्पर्धांसाठी ठेवलेलं थांबघड्याळ मी एकदा खिशात घालून आणलं आणि त्या भाजी निवडत असताना मागे उभा राहून त्यांना मोजायला सांगितलं. सव्वीस ते तीस, पाच पाढे. पन्नास सेकंदांत पाव सेकंदाचासुद्धा फरक नाही. दुसऱ्यांदा मी मध्येच एक प्रश्न विचारला, तर त्यांनी बोटाने मला गप्प बसायची खूण केली आणि आकडे तसेच चालू ठेवले. तिसऱ्यांदा मीच ते घड्याळ खिशात टाकलं. काकूंनी ते बघितलं होतं.

हे पाढे आले कुठून, ते मला पहिल्या पावसाळ्यात कळलं. त्यांचे यजमान दक्षिणेकडच्या एका छोट्या संस्थानाच्या मोटारखान्यात मुख्य मिस्त्री होते. तिथल्या सरकारांना, म्हणजे राजेसाहेबांना, मोटारींच्या शर्यतींचं वेड. गावाबाहेर तळ्याच्या काठाने त्यांनी एक सरळ रस्ता मुद्दाम बांधून घेतला होता आणि त्यावर एका मैलाला दोन दगड पुरले होते. यजमान गाडी दुरुस्त करत, सुधारत, कधी स्वतः चालवून बघत. वेळ मोजायला दरबारातली माणसं ठेवली तर ती सरकारांना खूश करायला दोन सेकंद खुशाल खात. म्हणून यजमानांनी ते काम बायकोला दिलं. काकू तेव्हा चाळिशीतल्या. डोक्यावर पदर घेऊन दुसऱ्या दगडापाशी उभ्या राहायच्या आणि पहिल्या दगडापाशी बार उडाला की त्याचा धूर दिसताच पाढा सुरू करायच्या. धूर बघायचा, आवाज ऐकायचा नाही, ही यजमानांची पहिली ताकीद.

अशा बाईंना मोटारींबद्दल काय माहीत असणार, असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्याबरोबर त्यांच्या स्वयंपाकघरात यायला हवं होतं. देवांच्या तसबिरींशेजारी विलायती मासिकांतून कापलेली मोटारींची चित्रं चिकटवलेली होती, ओळीने, वर-खाली नाही. जवळचं वाचायला त्यांना दिसत नसे, लांबचं मात्र लख्ख दिसे. म्हणून संध्याकाळी शाळेतून आलो की मी रद्दीतून मिळवलेली मासिकं पायरीवर बसून त्यांना वाचून दाखवायचो, इंग्रजीतून मराठी करत, आणि त्या चित्र हातभर लांब धरून बघायच्या आणि संतापायच्या.

संताप कशाचा? लेखकांच्या अन्यायाचा. पहिल्या महायुद्धाआधीच्या गाडीचं चित्र असायचं, उंच, उघडी, चालक बैलगाडीवर बसावा तसा वर बसलेला, शेजारी एक माणूस हाताने तेलाचा पंप मारतोय. खाली लिहिलेलं असायचं की ही ताशी अमुक मैल धावे, आजची तिच्या दुप्पट धावते. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. म्हणायच्या, त्या गाडीला पुढच्या चाकांना ब्रेक तरी होते का? टायर चाळीस मैलांत फाटायचे. रस्ता म्हणजे मुरूम आणि खिळे. त्या रस्त्यावर तो माणूस एवढ्या वेगाने गेला, आणि हा आजचा, गुळगुळीत डांबरावर, चारी चाकांना ब्रेक, जाड रबर, दुप्पट गेला म्हणून टेंभा मिरवतो. सुनेला पाट्या-वरवंट्यावर वाटायला लावायचं, नातसुनेला चक्की आणून द्यायची, आणि मग म्हणायचं सून आळशी.

नव्या गाड्यांवर त्यांचा राग नव्हता, हेही सांगायला हवं. एकोणीसशे तीसनंतरच्या त्या लांब, चंदेरी, एका माणसापुरत्या गाड्यांचं चित्र त्या सर्वांत जास्त वेळ बघत. नंतरच्या छोट्या इंजिनांच्या, हलक्या गाड्यांचंही त्यांना कौतुक होतं. कमी ताकदीत एवढं म्हणजे डोकं आहे मेल्यांना, असं म्हणत. फक्त तुलना करणार असाल तर ताकद, वजन, टायर, रस्ता, सगळं तराजूत घाला, नुसता वेग घालू नका, एवढंच मागणं. प्रत्येक काळाने आपापल्या रबरावर जेवढं धावता येईल तेवढं धावलं, असं त्यांचं मत होतं आणि ते मला अजूनही कुठल्याच मासिकात सापडलेलं नाही.

आकाराबद्दल त्यांचं एक ठाम म्हणणं होतं. लोक गाडीचं नाक बघतात, त्या शेपूट बघत. पुढून वारा कापणं कुणालाही जमतं, मागून तो नीट सोडता आला पाहिजे. वारा मागे घुटमळला की गाडीला ओढतो. हेच त्या माणसांनाही लावत. पाहुणा आला कसा यापेक्षा गेला कसा, दार हळू ओढलं की आपटलं, मागे घरात भांडण ठेवून गेला की काय, यावर त्यांचं मत ठरे. भाडेकरूंपैकी एकाला त्यांनी ‘मागून चेपका’ असं नाव ठेवलं होतं आणि ते बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांच्याकडे एक खरं शेपूटही होतं. मागच्या पडवीत उलटं ठेवलेलं, पुरुषभर लांब, टोकाकडे निमुळतं होत गेलेलं ॲल्युमिनियमचं. त्यात गोवऱ्या ठेवलेल्या असत. यजमानांनी एका अवजड विलायती गाडीचा सांगाडा उघडा करून त्यावर शर्यतीसाठी नवं अंग चढवलं होतं, त्याचा तो मागचा भाग. पत्रा वळवायला कारखाना नव्हता. यजमानांनी गावातले तांबट बोलावले, आणि घंगाळ मठारतात तसं त्यांच्याकडून ठोकून ठोकून ते शेपूट काढलं. आत हात घातला तर हातोडीच्या खुणा एकाशेजारी एक लागायच्या. काकू गोवरी काढताना त्यावरून एकदा हात फिरवत असत.

त्या गाडीने तळ्याकाठच्या रस्त्यावर मैल कापला तो एकोणचाळीस सेकंदांत. म्हणजे एकोणतीसच्या पाढ्याच्या नवव्या आकड्यावर. दोनशे एकसष्टवर गाडी दगडासमोरून गेली. एवढ्या वेगाने तेव्हा त्या मुलखात कुणी गेलं नव्हतं. घड्याळ होतं सरकारांच्या एका विलायती पाहुण्याच्या हातात, आणि साहेब त्याला चावी द्यायला विसरला होता. ते मध्येच बंद पडलं. वेळ माहीत होती ती एकट्या काकूंना. त्यांनी पदराआडून सांगितली. सगळे हसले. सरकारही हसले, आणि मिस्त्रीच्या बायकोची हुशारी म्हणून भर सभेत त्यांना खण-नारळ दिला. “मी म्हटलं वेळ लिहून ठेवा, त्यांनी माझी ओटी भरली,” हे सांगताना वीस वर्षांनंतरही काकूंचा आवाज थरथरायचा. संस्थानच्या छायाचित्रांच्या चोपडीत त्या गाडीखाली नाव लागलं ते पाहुण्या साहेबाचं, आराखडा त्याचा म्हणून. यजमान गेले, संस्थान विलीन झालं, गाडी मोडीत गेली. राहिलं ते शेपूट, आणि दोनशे एकसष्ट. काकूंना दुसरं काही नको होतं. कुठेतरी, एका ओळीत, कुणीतरी छापावं की ती गाडी यांनी बांधली आणि ती एकोणचाळीस सेकंदांत गेली.

आता माझा भाग येतो.

आमच्या शाळेच्या चालक मंडळातल्या एका वजनदार सभासदांचे भाचे मुंबईच्या एका साप्ताहिकात मोटारींवर लिहीत. ते शाळेत आले असताना मी फुशारकीने काकूंची गोष्ट सांगितली. कालच्या आणि आजच्या शर्यतीच्या मोटारींची तुलना करणारा लेख ते लिहीतच होते. पुढच्याच रविवारी ते आपल्या नव्या कोऱ्या, दोन माणसांच्या, छोट्या विलायती मोटारीतून आले. मागोमाग दुसऱ्या गाडीतून एक मित्र, त्याच्या गळ्यात थांबघड्याळ. काकूंनी लोखंडी पेटीतून ठेवणीतलं लुगडं काढलं होतं. मी त्यांना एवढं आनंदात कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या आनंदाचं श्रेय मी मनातल्या मनात स्वतःला देत होतो.

लेखकमहाशयांनी पडवीतलं शेपूट बघितलं आणि एका नजरेत निकाल दिला की हे विलायती काम आहे. काकूंनी न्हाणीघरातलं तांब्याचं घंगाळ आणून शेजारी ठेवलं आणि दोन्हींवरच्या मठारकामावरून त्यांचा हात धरून फिरवला. ते छान छान म्हणाले आणि रुमालाने हात पुसला. मग म्हणाले, पाढ्यांनी वेळ मोजण्याची परीक्षाच घेऊ. आपली मोटार ते स्वतः मैलभर पळवतील, मित्र घड्याळ लावतील, काकूंनी पाढे म्हणावे.

कल्याणहून शीळफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्याचा एक सरळ तुकडा तेव्हा नुकताच डांबरी झाला होता. भात कापून झालेलं, त्यामुळे मैलभर नजर मोकळी. पहिल्या मैलाच्या दगडापाशी मी आणि शेजारच्या गावचे एक आगरी शेतकरी. जत्रेत बार उडवायचं काम त्यांच्याकडे असे, म्हणून त्यांना बोलावलेलं. त्यांच्यामागे एक मोठी चिंच, काळ्याभोर सावलीची. त्यापुढे पांढरा धूर लांबूनही दिसावा, हे काकूंनीच सुचवलेलं. दुसऱ्या दगडापाशी काकू, मित्र आणि त्यांचं घड्याळ. मोटार मागून वेग घेत आली, दगडासमोर येताच मी हात खाली केला, बार उडाला, मोटार सूंऽऽ करत निघून गेली. आम्ही दोघे रस्त्याने चालत दुसऱ्या दगडाकडे निघालो.

तिथे पोचलो तर वाद चाललेला. मित्राचं घड्याळ म्हणत होतं अडतीस सेकंद. काकू म्हणत होत्या त्रेचाळीस. “गाडी तीस त्रिक नव्वदवर गेली. पाचवा पाढा, तिसरा आकडा.” अडतीस म्हणजे यजमानांच्या गाडीपेक्षा एक सेकंद कमी. त्रेचाळीस म्हणजे चार सेकंद जास्त. वीस-बावीस वर्षांपूर्वी तांबटांनी ठोकलेली गाडी जिंकली की हरली, ते या पाच सेकंदांवर होतं.

काकू शांतपणे सांगत होत्या की तुमच्या मित्रांनी आवाज ऐकल्यावर घड्याळ दाबलं, मी धूर बघून सुरुवात केली. आवाजाला मैलभर यायला वेळ लागतो. मित्र हसून म्हणाला, आवाज काय पायी येतो का आजी? माझ्याबरोबर आलेले शेतकरी मागून म्हणाले, “मास्तर, खानीत सुरुंग उरवतान तवा बगलाव नाय? धूर पयला दिसतो, आवाज मंग येतो.” त्यांच्याकडे कुणी मान वळवूनही बघितलं नाही.

लेखकमहाशय माझ्याकडे वळले. म्हणाले, तुम्ही गणिताचे शिक्षक, तुम्हीच सांगा.

वाचकहो, त्याच महिन्यात मी नववीच्या वर्गाला फळ्यावर उदाहरण घातलं होतं: तोफेचा धूर दिसल्यावर अमुक सेकंदांनी आवाज आला, तर तोफ किती दूर? आवाज सेकंदाला अकराशे फूट जातो. मैलाचे पाच हजार दोनशे ऐंशी फूट. भागाकार करायला मला कागद लागला नाही. पावणेपाच, जवळजवळ पाच सेकंद. अडतीस आणि पाच त्रेचाळीस. काकू बरोबर होत्या, ते शेतकरी बरोबर होते, आणि मोटारीतून उतरलेल्या त्या माणसालाही आपल्या गाडीचा काटा कुठवर चढला ते माहीत होतं, कारण तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता.

मी म्हणालो, “तसा थोडाफार फरक पडत असेल.”

“थोडाफार?” काकू म्हणाल्या.

एवढंच. महाशयांनी कागद काढला. त्यावर अडतीस सेकंद लिहिले, मित्राने सही केली, माझ्यापुढे लेखणी आली. काकूंपुढे आली नाही. बाईंची सही कशाला, असं ते सहज म्हणाले. शेतकऱ्यांचा तर प्रश्नच नव्हता. आणि मी सही केली.

का केली? नोकरीत मी अजून कायम झालो नव्हतो, हे मी स्वतःला कित्येक वर्षं सांगत आलो. पण सही केली नाहीस तर नोकरी जाईल, असं मला कुणी म्हटलं नव्हतं. माझं मीच मनात म्हटलं. खरं कारण भीड. समोर सुटाबुटातला माणूस लेखणी पुढे करतो, सगळे थांबलेले असतात, आणि नाही म्हणणं असभ्य वाटतं. आपण शिकलेली माणसं असभ्य दिसायला जेवढं घाबरतो तेवढं खोटं ठरायला घाबरत नाही. त्या रस्त्यावर खरं बोललेली दोन माणसं होती, एक बाई आणि एक शेतकरी, आणि ज्याच्या शब्दाला किंमत होती तो मी होतो. आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

लेख महिनाभराने आला. काकूंनी स्वतः अंक मागवला होता. संध्याकाळी मी शाळेतून आलो तेव्हा त्या पायरीवर बसून होत्या, अंक मांडीवर, अजून न उघडलेला. म्हणाल्या, वाचा.

मी वाचू लागलो. पानभर विनोद होता. पाढ्यांवर धावणारी मोटार, गोवऱ्यांची गाडी, पदराआडचं घड्याळ. संस्थानी काळातल्या दंतकथा अशाच असतात, असं लिहिलं होतं. आजची छोटी मोटार तिच्या तिप्पट इंजिनाच्या त्या दंतकथेलाही मागे टाकते. यजमानांचा उल्लेख ‘कुणी एक मिस्त्री’ असा होता. काकूंचे ओठ हलत होते. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात वाक्य होतं की ही वेळ डोंबिवलीच्या एका गणित-शिक्षकांनी साक्षीने प्रमाणित केली असून तेच या बाईंचे भाडेकरू आहेत. मी तिथे पोचलो आणि ते वाक्य सोडून पुढे वाचलं.

“मास्तर,” काकू म्हणाल्या, “एक ओळ गाळलीत.”

मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं?

“तुमचा आवाज थांबला तेवढ्यात माझे चार आकडे झाले. एका ओळीवरून दुसरीवर जायला एवढा वेळ लागत नाही. वाचा ती.”

मी वाचली. काकूंनी अंक माझ्या हातातून घेतला, हातभर लांब धरला, तिथे काही दिसतं का ते बघितलं, आणि घडी घालून ठेवला. मला वाटलं आता त्या बोलतील. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

“एकोणतीस नव्वे?” त्यांनी विचारलं.

“दोनशे एकसष्ट,” मी म्हणालो.

“म्हणजे पाठ आहे,” त्या म्हणाल्या, आणि दूध बघायला आत गेल्या.

त्यांनी मला खोली सोडायला सांगितली नाही. बोलणंही बंद केलं नाही. फक्त पुन्हा कधी मासिक वाचून मागितलं नाही. भिंतीवरची चित्रं पिवळी पडत गेली आणि नवं एकही चिकटलं नाही. मी त्या साप्ताहिकाला एक पत्र लिहिलं, आवाजाचा वेग, मैलाचे फूट, सगळं मांडून. आणि ते टेबलाच्या खणात ठेवलं, नोकरी कायम होईपर्यंत. नोकरी कायम झाली तेव्हा वाटलं आता फार जुनी गोष्ट झाली. माझ्यासारख्यांची सगळी पत्रं अशीच खणात असतात.

पुढे तीन वर्षांनी काकू गेल्या. दूरचा एक पुतण्या आला, त्याने घर ताब्यात घेतलं. मी शाळेत असताना हातगाडी आणून पडवीतलं सामान भंगारात दिलं. घंगाळ त्याने ठेवून घेतलं, तांब्याचं होतं म्हणून. शेपूट दिलं. त्याला विचारलं तर म्हणाला, कसला तरी चेमटलेला पत्रा होता. चेमटलेला नव्हता. मी त्याला ते समजावून सांगितलं नाही, कारण समजावायला मला तोंड नव्हतं. दार आपटून मी बाहेर पडलो, आणि काकू असत्या तर मलाही मागून चेपका म्हणाल्या असत्या.

आता मी म्हातारा झालो आहे. ते साप्ताहिक बंद पडलं, ते महाशयही नाहीत. खणातलं पत्र वाळवीने खाल्लं. पण त्या कागदावरची माझी सही खोटी होती, आणि ज्या अर्थी ती छापून आली, त्या अर्थी खरी साक्षही छापून आली पाहिजे. म्हणून ही लिहून देतो.

शीळफाट्याच्या रस्त्यावर त्या रविवारी धावलेली मोटार अडतीस सेकंदांत गेली नाही. तिला त्रेचाळीस लागले. गाडी तीस त्रिक नव्वदवर गेली, त्या दिवशी बारापाशी मी स्वतः उभा होतो. आणि तिच्या वीस-बावीस वर्षं आधी, मुरमाच्या रस्त्यावर, फाटक्या टायरांवर, तांबटांनी ठोकलेल्या शेपटीची एक मोटार तेवढाच मैल एकोणतीस नव्वेवर गेली. ती एका मिस्त्रीने बांधली होती. वेळ त्याच्या बायकोने मोजली होती, आणि ती बरोबर होती.